न खोदलेली जमीन खाणपट्ट्यातून वगळताना

दारव्हा रस्त्यालगतच्या एका मौजातलं हे प्रकरण. गिट्टीसाठी दिलेला २.४० हेक्टरचा खाणपट्टा, म्हणजे खाणकामासाठी पट्ट्यानं दिलेली जमीन. त्यातलं वरच्या अंगाचं ०.९० हेक्टर कधी खोदलंच नाही, म्हणून ते वगळावं असा पट्टेधारकाचा अर्ज. जमीनमालक वेगळा. तो तिथं आजही पऱ्हाटी (कापूस) आणि तूर घेतो. सातबाऱ्याच्या इतर हक्कात पट्ट्याची नोंद असली की वाटणी, विक्री, कर्ज सगळीकडे प्रश्न निघतात, त्यामुळे खरोखर अस्पर्श असलेली जमीन लवकर मोकळी व्हावी हे मला मनापासून वाटतं. पण वगळल्याचा आदेश निघाला की त्या तुकड्यापुरती पट्टेधारकाची भरणीची जबाबदारी संपते. पुढे खड्डा निघाला तर तो शेतकऱ्याचा.

म्हणून जमीन खरंच न खोदलेली आहे का याची पाहणी आधी होते. ती वखरणीच्या आधी करावी. काळ्या मातीच्या उन्हाळी भेगा हा सगळ्यात स्वस्त पुरावा आहे. मूळ थरात त्या खोल जातात आणि एकमेकींना जोडून जाळं तयार होतं. भरावात त्या तुटक असतात, किंवा भरावाच्या कडेनं एकच लांब भेग पडते. इथं अर्धं वावर आधीच वखरून झालेलं होतं, म्हणून बाकीच्या खुणांवर भर द्यावा लागला.

आधी कागद. करारनाम्यासोबतचा नकाशा, मोजणीची क प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा), खाणकाम आराखड्यातला टप्प्यांचा नकाशा आणि उपग्रहाची जुनी छायाचित्रं ओळीनं लावून पाहिली. चार ऋतूंची छायाचित्रं तरी पाहावीत. पावसाळ्यानंतरच्या एकाच चित्रात सगळंच हिरवं दिसतं. इथल्या एका जुन्या चित्रात नाल्याकडच्या कोपऱ्यात फिकट पट्टा होता, नंतरच्या चित्रांत तो नाहीसा झाला होता. तो कोपरा लाल पेन्सिलीनं घेरला. हद्दीसाठी मोबाइलचं जीपीएस वापरू नये, त्यात तीन ते पाच मीटरचा फरक सहज येतो. कोपऱ्याचे दगड भूकरमापकानं ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) या मोजणी यंत्रानं दाखवले.

वरचा भाग चांगला निघाला. जुना धुरा (बांध) सलग, त्यावर वारुळं, बोरीबाभळी. झाडाचं बूड नीट पाहावं: खोड जमिनीशी मिळताना रुंद होतं. ते रुंदावणं दिसत नसेल आणि खोड खांबासारखं सरळ मातीत शिरलं असेल, तर वर भराव पडला आहे; मुळं उघडी असतील तर माती खरवडली आहे. दगडही उलटून पाहिले. जागचा न हललेला दगड असेल तर त्याच्या खालच्या अंगाला चुनखडीचा पांढरा थर असतो. तो थर वर किंवा बाजूला दिसला तर दगड कोणीतरी हलवला आहे. सुरुंगानं उडून आलेला दगड ताज्या धारेचा, आतून निळसर काळा असतो. तसे थोडे सापडले, पण ते वेचून काढता येतात.

नाल्याकडच्या कोपऱ्यात मात्र चित्र बदललं. धुऱ्याची ओळ मध्येच तुटली होती. चुनखडीचे खडे, जे एरवी हात-दीड हात खाली असतात, ते पृष्ठभागावर विखुरले होते. पट्टेधारकाचा माणूस म्हणाला, इथं नुसतं सपाटीकरण केलं आहे. जमीनमालक काकाजींनी तेवढंच सांगितलं, "साहेब, इथं दरसाली जमीन बसते. मी दरसाली माती टाकतो."

तिथं एक मीटर बाय एक मीटरचा खड्डा टिकास आणि सब्बलनं (पहारीनं) हातानंच खोदायला लावला. जेसीबीनं थर मिसळतात आणि पुरावाच जातो. तुलनेसाठी तसाच एक खड्डा वरच्या चांगल्या भागात. वरच्या भागातल्या खड्ड्यात काय दिसलं? दीड-दोन फूट काळी माती, मग ती हळूहळू तपकिरी होत गेली, चुनखडीचे खडे, आणि खाली कांद्याच्या पापुद्र्यांसारखा गोल सुटणारा पिवळट मुरूम. दगडाच्या मूळ चिरा मुरुमातही ओळीनं दिसत होत्या. कोपऱ्यात अर्धा फूट काळी माती, तिच्याखाली सुरी फिरवल्यासारखी सरळ रेघ, आणि रेघेखाली मुरूम, काळ्या मातीची ढेकळं, क्रशरची चुरी यांची खिचडी. चार फुटांवर सुरुंगाच्या रंगीत तारेचा तुकडा निघाला. त्यानंतर वादाला जागा उरली नाही.

मग सब्बल ठोकत कडा शोधली. मूळ मुरुमात सब्बल दणका देते, भरावात सहज उतरते. तीस बाय चाळीस मीटरचा, सरासरी दीड मीटर खोल खड्डा भरला गेला होता: १,८०० घनमीटर, म्हणजे २.८३ नं भागून सुमारे ६३६ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मुरूम बाहेर गेलेला. रॉयल्टीच्या पावत्यांशी हा आकडा जुळवताना एक गोष्ट विसरू नये. मुरूम सुटा झाला की पाव पटीपर्यंत फुगतो, त्यामुळे खड्ड्यातला ब्रास आणि टिप्परमधला ब्रास एक नसतो. पावत्या नसतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारमूल्याच्या पाच पटींपर्यंत दंडाचं प्रकरण वेगळं चालतं. ते या पाहणीत मिसळायचं नाही, फक्त मोजमाप पंचनाम्यात आणायचं.

आणखी दोन वजावटी निघाल्या. जुन्या टिप्पर रस्त्याची सहा मीटर रुंद, शंभर मीटर लांब पट्टी वरून हिरवी होती, पण एका वितीखाली दाबून घट्ट झालेला थर होता आणि सब्बल उसळत होती. दुसरी वजावट खाणीच्या कड्याची. कड्यापासून साडेसात मीटर सोडायचे असतात, आणि अर्जातली नवी हद्द नेमकी कड्याला टेकली होती. ऐंशी मीटर लांबीत ती मागे घ्यावी लागली.

हिशेब असा झाला: ०.९० मधून भराव ०.१२, रस्ता ०.०६, कड्याची पट्टी ०.०६ वजा. ०.६६ हेक्टर वगळण्याची शिफारस केली आणि नव्या हद्दीवर दगड रोवूनच पंचांच्या सह्या घेतल्या. काकाजींना उरलेलं ०.२४ का अडलं हे दोन्ही खड्ड्यांच्या काठावर उभं करून दाखवलं. कागदावरच्या आकड्यापेक्षा ते त्यांना लगेच पटलं.

भरावासाठी पट्टेधारकाला लेखी अटी दिल्या: भराव उपसून चुरी आणि तारा बाजूला काढायच्या, मुरूम तीस-तीस सेंटीमीटरच्या थरांत पाणी मारून दाबायचा, वर किमान पंचेचाळीस सेंटीमीटर काळी माती, तीही न दाबता. रस्त्याच्या पट्टीवर गिट्टी वेचून खोल नांगरट. पुढची पाहणी एक पावसाळा भरावावरून गेल्यानंतर, दिवाळीच्या आसपास. त्या आधी जमीन किती बसणार हे कळत नाही.