सात तारखेपर्यंतचे पस्तीस दिवस

गुरुवार होता, 14 मार्च 2024. सकाळी दहाच्या सुमाराला कुपवाड एमआयडीसीतून कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाचा फोन आला, मॅडम तुमचा तो माणूस सोमवारपासून कामावर नाही, शनिवारी शेवटचा आलता. मी म्हणलं असं कसं होईल, आणि फोन ठेवल्या ठेवल्या निवारा केंद्रातल्या केअरटेकर दादांना विचारलं तर ते म्हणाले, अहो रोज सहाला कंपनीचा टी-शर्ट घालून पिशवी घेऊन जातात की, आजपण गेलेत, हे बघा रजिस्टरला सही. सही होती. सोमवार मंगळवार बुधवार गुरुवार, चारही दिवस सहा वाजता बाहेर, आणि आधीचे तीन दिवस संध्याकाळी साडेसहाला आत.

मी बेघर लोकांना कामाला लावायच्या प्रोग्रामवर काम करते. सांगलीत निवारा केंद्रात राहणाऱ्या लोकांचा एकवीस दिवसांचा वर्ग आमची संस्था घेते आणि तो मी चालवते. शहरी बेघरांसाठी निवारे ही योजना आपल्याकडं राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून, म्हणजे 2013 पासून आली, लाख लोकसंख्येमागं शंभर लोकांचा एक निवारा असा त्यातला हिशोब होता आणि त्याच अभियानात कौशल्य आणि रोजगाराचा पण भाग होता. कागदावर हे दोन्ही एकाच छताखाली होतं. प्रत्यक्षात झोपायची जागा आणि काम यांची सांगड घालायची म्हणजे काय हे मला त्या गुरुवारी कळलं, तोपर्यंत चार वर्षं मी हेच काम करत होते तरी.

ज्यांच्याबद्दल फोन आला त्यांना केंद्रात सगळे गवंडीमामा म्हणायचे. वय पंचेचाळीसच्या आसपास, मूळचे जत तालुक्यातले, बोलता बोलता मधेच कानडी यायचं. आधी गवंडीकाम करायचे, सेंट्रिंगवरून पडले, कंबर गेली, मग बायको गेली. सूर्यवंशी प्लॉटच्या बाजूला एक पत्र्याची खोली भाड्यानं होती ती 2019 च्या महापुरात गेली. त्या वेळी कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटाच्या वर गेलेलं, सांगलीकरांना सांगायला नको, इशारा पातळीच 40 फूट आहे. खोलीत जे होतं ते सगळं गेलं, आधार रेशनकार्ड पासबुक सगळं. पोरं सासूकडं ठेवली आणि हे स्टँडवर झोपायला लागले. ते स्टँडवरच चार वर्षं राहिले.

आमच्याकडं आले तेव्हा पहिलं काम कागदांचं. आधारला बोटांचे ठसे लागेनात, सिमेंट आणि नंतर पोती यांनी बोटं गुळगुळीत झालेली, शेवटी डोळ्यांवर घेतलं आणि जुना नंबर सापडला. तो कागद प्रिंटरमधून बाहेर आला तेव्हा मामा म्हणाले, मी हाय म्हणा की मग. झीरो बॅलन्सचं खातं काढलं, त्यात पंधरा दिवस गेले, त्याबद्दल वेगळं लिहीन कधीतरी.

मग वर्ग. मी काय काय शिकवायचे ते आता आठवलं की बरं वाटत नाही. नमस्कार कसा करायचा, बसायचं कसं, 'तुमच्याबद्दल सांगा' म्हणलं की काय सांगायचं, मधली चार वर्षं काय करत होता असं विचारलं तर न लाजता उत्तर कसं द्यायचं. मामा रात्री बाकीचे झोपले की गच्चीवर जाऊन पाठ करायचे. मला केअरटेकर दादांनी सांगितलेलं आणि मला फार अभिमान वाटलेला. प्रत्यक्ष इंटरव्ह्यूत सुपरवायझरनं एकच विचारलं, सकाळी सातला येणार का? मामा म्हणाले येणार. झालं, पॅकिंग हेल्पर, रोज चारशे, कॉन्ट्रॅक्टरमार्फत, 4 मार्च सोमवारपासून. आम्ही केंद्रात पेढे वाटले.

त्यामुळं त्या गुरुवारी मला आधी राग आला. खरं सांगते, काळजी नंतर आली. त्याच कंपनीत शुक्रवारी माझी अजून दोन पोरं इंटरव्ह्यूला जायची होती आणि मी त्या सुपरवायझरला शब्द दिलेला की माणसं पक्की आहेत. स्कूटी काढली आणि निघाले. पहिल्यांदा एसटी स्टँड, तिथं त्यांचे जुने सोबती असतात बाकड्यांवर, कोणी नीट बोलेना. एकानं उलट मलाच विचारलं, तुमच्या गवंड्याकडं माझे पाचशे हाईत, कधी मिळायचे? तेव्हा पहिल्यांदा काहीतरी वेगळं वाटलं. मग गणपती मंदिराच्या बाजूला, मग मिरजेला स्टेशनवर पण जाऊन आले, कारण माणूस हरवला की आमच्याकडं पहिला विचार मिरज जंक्शनचाच येतो, तिथनं चारी दिशांना गाड्या जातात. नव्हते. दुपारी एक वाजला, ऊन असं की स्कूटीच्या सीटवर बसवेना. परत येताना सहज मार्केट यार्डात वळले.

मार्च म्हणजे यार्डात हळदीचा सीझन. ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगते, रस्ता, भिंती, ट्रकचे टायर, माणसांच्या भुवया सगळं पिवळं असतं, श्वास घेतला तरी घशात हळद जाते. सौदे संपले होते, एका गोदामाच्या सावलीत पाच-सहा जण पोत्यांची तोंडं शिवत बसलेले. त्यातला एक मला बघून पोत्यांच्या थप्पीमागं गेला. हातात दाभण तसंच, सुतळी लोंबकळत. मी हाक मारली, मामा. आले नाहीत. परत मारली. मग आले, मान खाली, अंगात फाटका शर्ट, कोपरापर्यंत पिवळे. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांची पिशवी दिसली, खिळ्याला अडकवलेली, आणि तिच्यातून कंपनीचा निळा टी-शर्ट दिसत होता, नीट घडी घातलेला.

म्हणजे हा माणूस सकाळी सहाला निळा टी-शर्ट घालून केंद्रातून निघायचा, स्टँडजवळच्या सुलभमध्ये कपडे बदलायचा, दिवसभर यार्डात पोती शिवायचा, संध्याकाळी परत सुलभमध्ये पाच रुपये देऊन हातपाय घासून हळद काढायचा आणि टी-शर्ट घालून केंद्रात यायचा. रजिस्टरला सही करायचा. चार दिवस. आणि मी रोज संध्याकाळी विचारायचे, कसं चाललंय मामा? ते म्हणायचे, ब्येस. त्यांची नखं पिवळी होती, मी बघितली नव्हती.

यार्डाच्या गेटवर चहाच्या गाड्यापाशी बसलो. मी गप्पच बसले कारण मला काय बोलावं ते सुचेना. मग त्यांनीच हिशोब सांगितला, गवंडी माणूस, हिशोबाला पक्का. वर्ग संपला तेव्हा त्यांच्याकडं हजार रुपये होते, दोन महिन्यांत जमवलेले. कंपनीत बूट पाहिजेतच म्हणाले, जुने घेतले साडेतीनशेला. राहिले साडेसहाशे. कुपवाडला वडाप, म्हणजे शेअर गाडी, जाता-येता चाळीस, दुपारचं जेवण आणि सकाळचा वडापाव मिळून ऐंशी, चहा-तंबाखू वीस. रोज एकशे चाळीस. 'शुक्रवारी सपलं बगा. स्टँडवरच्याकडनं पाचशे घ्यायला गेलो तर आठवड्याला शंभराला धा म्हणला. घेतले. त्यातनं एकाचं जुनं देणं होतं, त्येनं तिथंच काढून घेतलं निम्मं. शनवारी चालत गेलो, चालत आलो. कंबर धरली. रविवारी इचार केला, पगार कधी, तर सात तारखंला. सात एप्रिल. म्हणजे अजून चार आठवडं. यार्डात संध्याकाळी रोख मिळतंय वो मॅडम.'

मी म्हणलं मला का नाही सांगितलं. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, 'बोर्डावर लिवलंय की.'

तो बोर्ड मी लिहिलेला. माझ्याच अक्षरात. नोकरी लागलेल्यांना तीन महिने जागा पक्की, काम सोडल्यास जागा सोडावी लागेल. हेतू असा होता की लोकांनी टिकून राहावं. ट्रस्टी मंडळींना पण आवडलेला, शिस्त येते म्हणून. त्या एका ओळीमुळं या माणसानं चार दिवस सोंग काढलं, कारण काम गेलं हे कळलं तर झोपायची जागा पण जाणार, आणि जागा गेली तर परत स्टँड, आणि स्टँडवरून सकाळी सातला आंघोळ करून कोण कामाला जाऊ शकतं? बॅग कुठं ठेवायची, बूट उशाला घेऊन झोपलं तर सकाळी असतील का, मोबाईल कुठं चार्ज करायचा. हे सगळं मला माहीत होतं, लोकांना भाषणात सांगायचे मी हे. तरी बोर्ड लिहिला.

तिथनंच कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला. म्हणलं माणूस येतो उद्यापासून, पण सहा दिवस भरलेत त्याची उचल द्या. नाही म्हणाला, एकाला दिली की सगळे मागतात, पगार सातच्या आत होतो, कायद्यानं बरोबर आहे. आणि खरंच बरोबर आहे, मागच्या महिन्याचा पगार सात तारखेच्या आत द्यायचा हा नियमच आहे, पण तो नियम ज्याच्या घरी डाळ-तांदूळ भरलेला आहे त्याला चालतो. आमच्या भागात ऊसतोडीला टोळी निघायच्या आधी मुकादम उचल देतो, त्या उचलीत माणसं वर्षानुवर्षं अडकतात हे पण मी बघितलंय, तरी काम सुरू व्हायच्या आधी माणसाला खायला लागतं एवढं तरी त्या व्यवहारात धरलेलं असतं. आमच्या एकवीस दिवसांच्या वर्गात ते कुठंच धरलेलं नव्हतं. सुपरवायझर मात्र चांगला निघाला, म्हणाला उद्या सातला आला तर मधल्या दिवसांचं मी बघतो, पण परत असं नको.

संध्याकाळी मी घरी गेले नाही. केंद्रातल्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवलं आणि पहिलं काम म्हणजे बोर्ड पुसला, मामांसमोर. त्यांची गोष्ट सांगितली नाही, फक्त विचारलं की नोकरी लागल्यावर पहिल्या पगारापर्यंत काय काय अडतं ते बोला, मी काही बोलणार नाही. पाच मिनिटं शांतता, मग एक मावशी म्हणाल्या, मला हॉटेलात भांड्याचं काम लागलेलं, रात्री अकराला सुटी आणि तुमचं गेट दहाला बंद, म्हणून सोडलं, तुम्हाला सांगितलं की मालक वाईट हाय. मग जे सुरू झालं ते बारापर्यंत. एकाला कंपनीनं पासपोर्ट फोटो चार वेळा मागितले, फोटोला पैसे नव्हते म्हणून तो गेलाच नाही परत. एका पोराला डबा न्यायची लाज वाटायची कारण सगळे घरचा डबा उघडतात आणि हा केळी खातो. चार वर्षांत माझ्या फाईलमध्ये या सगळ्यांच्या नावापुढं एकच शेरा होता, 'सातत्य नाही.' मी लिहिलेला.

गेट बंद करायची वेळ त्याच आठवड्यात बदलली, निवारा चोवीस तास उघडा असला पाहिजे हे योजनेतच होतं, आम्ही सोयीसाठी दहा करून टाकलेलं. जागा आणि नोकरी यांचा संबंध तोडायला मीटिंगमध्ये फार वाद झाला, एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले लोक आयते बसून खातील, मी मामांचा टी-शर्टाचा प्रकार सांगितला, ते गप्प झाले, पटलं का माहीत नाही पण ठराव झाला. पैशाचं आम्ही स्टाफनंच केलं, पाच जणांनी मिळून अडीच हजार काढले आणि एक वही केली, उचल वही, व्याज नाही, पगारातून जमेल तसं परत. पहिलं नाव मामांचं. त्यातनं आधी स्टँडवरच्या त्या माणसाचे पाचशे आणि वरचे पन्नास दिले. भंगारवाल्याकडून नऊशेला एक सायकल मिळाली, चेन नवीन घातली, वडापचे चाळीस वाचले, आणि बसून पॅडल मारताना कंबर चालण्यापेक्षा कमी दुखते म्हणाले. डब्यासाठी केंद्राला संध्याकाळचं जेवण देणाऱ्या बचत गटाच्या ताईंशी बोलले, त्या म्हणाल्या सकाळी चपाती-भाजी बांधून देतो, पगारानंतर बघू. त्यांनी एका मिनिटात हो म्हणलं.

सायकल, वही वगैरे नंतरचं, पण दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी 15 तारखेला, मामा पावणेसहाला निघाले. मी मुद्दाम आलेली. टी-शर्ट तोच. बोटं अजून पिवळी होती, सुपरवायझर विचारेल म्हणून काळजीत होते, मी म्हणलं सांगलीत कोणाला हळदीची बोटं नवीन आहेत?

रोज गेले असं नाही. एक दिवस ताप आला, एक दिवस सायकल पंक्चर झाली, पण दोन्ही वेळा त्यांनी सकाळीच मला आणि सुपरवायझरला फोन केला. मधे एकदा यार्डातला मुकादम बोलवायला आलता, रोज पाचशे रोख देतो म्हणून, मामांनी एक रात्र विचार केला. मी काही सांगितलं नाही, कारण जायचं ठरवलं असतं तर तेही बरोबरच होतं, यार्डातलं काम काही कमी दर्जाचं नाही.

सात एप्रिल नेमकी रविवारी आली. शनिवारी पगार आला नाही. रविवारी मामा केंद्रातल्या एका पोराला घेऊन तीन वेळा एटीएमला जाऊन आले, प्रत्येक वेळी पावती काढून आणली, शिल्लक शून्य, शून्य, शून्य. मंगळवारी पाडवा होता आणि त्यांना पोरांकडं जतला जायचं होतं. संध्याकाळी ते पायरीवर बसलेले, मी शेजारी बसले, दोघंही बोललो नाही. मला त्या वेळी फक्त एवढंच वाटत होतं की परत निळा टी-शर्ट पिशवीत जायला नको.

सोमवारी दुपारी बाराला त्यांचा मिस कॉल आला. मी मीटिंगमधून उठून बाहेर आले आणि लावला.

'आलं,' म्हणाले. मागं मशीनचा आवाज होता. 'वही घिऊन थांबा मॅडम, साडेचारला यतो. आन् दोनशे रुपय कमी भरतो ह्या बारी, पोरीला डिरेस घ्यायचाय.'