चौथं नाव

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात माझ्या फोनने एका रात्रीत स्वतःला अपडेट करून घेतलं. परवानगी मीच दिली असणार. झोपेच्या तारेत 'नंतर'ऐवजी 'आज रात्री'वर बोट पडलं असेल. सकाळी बघते तर घड्याळाचे आकडे जाडजूड झालेले, टॉर्चचं बटण भलतीकडे गेलेलं आणि सगळी चौकोनी चिन्हं अशी गोल गरगरीत की फोन महिनाभर माहेरपण करून आल्यासारखा दिसत होता. म्हटलं असू दे, दिसण्याचं काय एवढं.

खरी गोम संध्याकाळी कळली.

शाळेतून आल्यावर भाकऱ्या करताना पॉडकास्ट ऐकायचा, ही माझी चार वर्षांची सवय. पीठ मळायला घेतलं की फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून उभा करायचा, एक कान इयरबडला द्यायचा आणि एक आईंना, म्हणजे सासूबाईंना. त्या दिवशी बोलणं सुरू झालं, पहिली भाकरी तव्यावर पडली, फोनचा पडदा विझला आणि मिनिटाभरात बोलणारा वाक्याच्या मधोमध गप्प. पिठाची करंगळी लावून पुन्हा सुरू केलं. पडदा विझला, पुन्हा गप्प. तिसऱ्या खेपेला दोन्ही हात पिठात म्हणून नाकाने पडदा उठवायचा प्रयत्न केला. हे आईंनी पाहिलं, पण त्या काही बोलल्या नाहीत. घरात सून नाकाने फोन लावते हे बहुधा त्यांनी नव्या काळात जमा केलं असावं.

इयरबडची तऱ्हा आणखी निराळी. कानातलं बटण दाबलं की फोन तो इशारा शेवटी जे अ‍ॅप वाजलं असेल त्याच्याकडे धाडतो, हे ज्ञान मला दुसऱ्या दिवशी पहाटे कंबर तलावाच्या कडेने चालताना झालं. (धर्मवीर संभाजी तलाव हे त्याचं आताचं नाव, पण पायांना अजून कंबर तलावच माहीत आहे.) तलावावर धुकं, समोर पक्षी, आणि मी बटण दाबल्यावर कानात आदल्या रात्रीच्या व्हिडिओतली बाई ओरडली, "आता यात घालूया दोन चमचे घट्ट साय!" फोनमधून इयरबडची ओळख पुसून टाकली, पुन्हा नव्याने जोडी जमवली. दोन दिवस बरं चाललं. मग पुन्हा साय.

शेवटी पुण्यात असलेल्या मुलाला फोन केला. तो संगणकातला. "आई, कॅशे क्लिअर कर," तो म्हणाला आणि मीटिंगला पळाला. आता त्या पानावर दोन बटणं शेजारीशेजारी असतात. एक कॅशे पुसायचं, म्हणजे अ‍ॅपने साठवलेला कचरा काढायचं. दुसरं स्टोरेज पुसायचं, म्हणजे अ‍ॅपला जन्माच्या दिवशी नेऊन ठेवायचं. मी गणिताची शिक्षिका, दोन्हींतला फरक वाचून समजून घेणं मला अवघड नव्हतं. पण मी वाचलंच नाही. पेपर तपासताना "प्रश्न नीट वाचत नाहीत" म्हणून वीस वर्षं मुलांचे गुण कापणारी मी, दुसरं बटण दाबून मोकळी झाले. कुठला भाग कितव्या मिनिटापर्यंत ऐकला त्या खुणा, जमवलेली यादी, सगळं धुऊन गेलं.

भाग मात्र कुठे गेले नव्हते. हा मला पॉडकास्टचा आवडलेला गुण. रेडिओवरचं बोलणं एकदा हवेत गेलं की गेलं. हा प्रकार वर्तमानपत्र टाकणाऱ्या पोऱ्यासारखा आहे. करणारा आपला आवाज एका साध्या फाइलमध्ये कुठेतरी ठेवतो आणि शेजारी एक यादी लावतो, तिला आरएसएस फीड म्हणतात. आपलं अ‍ॅप थोड्या थोड्या वेळाने त्या यादीत डोकावतं आणि नवं काही दिसलं की उचलून आणतं. अ‍ॅप बदला, फोन बदला, यादी जागेवरच असते. 'पॉडकास्ट' हा शब्द २००४ साली 'गार्डियन' या इंग्रजी दैनिकातल्या एका लेखात आला, आयपॉड या गाणी ऐकायच्या यंत्रातला पॉड आणि ब्रॉडकास्ट म्हणजे प्रसारणातला कास्ट जोडून. पुढे २०२२ मध्ये आयपॉड बनवणंच थांबलं. नाव देणारा गेला, नाव राहिलं. आमच्या गल्लीत गिरणीच्या नावाने ओळखली जाणारी दोन घरं आहेत, त्यांतल्या पोरांनी गिरणी चालताना पाहिलेली नाही, त्यातलाच प्रकार.

तर सगळं नव्याने जमवलं, आणि इयरबडचा नाद सोडून स्पीकर चालू केला. यात दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या नाहीत. एक, मी कायम सव्वापट वेगाने ऐकायचे आणि पुसापुसीत तो वेग मूळ पदावर आला होता. दोन, आई ओट्याजवळच्या पाटावर चटणीसाठी शेंगा फोडत बसल्या होत्या, आणि आता फोन त्यांच्याशीही बोलत होता, तोही त्यांना झेपेल अशा चालीने. पूर्वी एकदा त्यांनी माझ्या फोनमधला आवाज ऐकून विचारलं होतं, "का पळालाय गं तो? पोलीस मागं लागलेत का?"

तारीख बारा जानेवारी. सोलापुरात ही तारीख सांगावी लागत नाही. शहरभर सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेची धांदल, मिरवणुकीतल्या नंदीध्वजांची तयारी, आणि सकाळी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार. मी मुद्दाम मार्शल लॉवरचा भाग लावला होता. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली, सोलापूर पेटलं, गोळीबार झाला, आणि १२ मेपासून ३० जूनपर्यंत गावावर लष्करी कायदा बसला. सांगणारा चांगला होता, उगाच गळा काढत नव्हता. मग खटला, मग येरवडा, मग १२ जानेवारी १९३१ ची सकाळ.

"फाशी दिलेले ते चौघे होते," तो म्हणाला, "मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे…"

पडदा विझलेलाच होता. आवाजही विझला.

माझ्या हातात अर्धी थापलेली भाकरी. मी करंगळी पुढे करणार, तेवढ्यात पाटावरून आवाज आला.

"कुर्बान हुसेन."

आईंनी मान वर केली नव्हती. शेंग फोडली, दाणे ताटात टाकले, टरफल सुपात. "पेपर काढायचा तो. गझनफर." आणि मग, फोन मुका तो मुकाच असताना, त्या सांगू लागल्या. त्यांचा जन्म या सगळ्यानंतरचा. पण वडील गिरणीत होते. मार्शल लॉमध्ये गांधी टोपी घालायची चोरी, तर वडील म्हणे टोपी घडी घालून डब्यात ठेवायचे, वर भाकरी, भाकरीवर चटणी. गेटावर डबा उघडून दाखवायचे. टोपीला लागलेला चटणीचा तेलकट डाग त्यांच्या आईने किती वेळा धुतला तरी गेला नाही. "पांढऱ्या टोपीला लाल डाग. लोकांना वाटायचं रक्त हाय," आई म्हणाल्या आणि हसल्या. "शेंगाची चटणी होती ती."

सव्वीस वर्षं मी या घरात आहे. हे मी कधी ऐकलं नव्हतं. भाकरी थोडी करपली, तीही कडेला.

त्यानंतर आमच्या स्वयंपाकघरात एक वेगळाच कारभार सुरू झाला. फोन थांबला की आई पुढचं बोलायच्या. कधी बरोबर, कधी साफ चूक. डॉक्टर कोटणिसांवरच्या भागात फोन त्यांना चीनला जाणाऱ्या बोटीवर बसवून गप्प झाला, तर आईंनी कोटणिसांना परत आणून, सोलापुरात दवाखाना घालून, नातवंडं खेळवायला लावली. "आई, ते तिकडेच गेले हो, १९४२ मध्ये. बत्तीस वर्षांचे होते." "असूदे," त्या म्हणाल्या, "थोडा वेळ तरी घरी येऊ दे की त्याला." एकदा साखर खाण्याच्या तोट्यांवर कुणी डॉक्टरीणबाई बोलत होत्या. त्या थांबल्यावर आईंनी त्यांना जी उत्तरं दिली ती इथे लिहिता येत नाहीत. आईंचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे पटलं की 'हौदु हौदु' आणि नाही पटलं तर जे काय ते सगळं कानडीतच.

मला मात्र चिडचिड होत होती, हे खोटं कशाला बोलू. तलावावर चालताना तरी नीट ऐकू यावं! पडदा विझायचा वेळ वाढवून पाहिला, तर खिशात फोन जागा राहून मांडीच्या धक्क्याने शाळेच्या ग्रुपवर आपोआप अंगठे पाठवू लागला. मुख्याध्यापकांच्या श्रद्धांजलीच्या निरोपालाही एक अंगठा गेला. चार्जरला लावलं की फोन थांबत नाही, हा शोध लागला. पण ओट्यावर प्लग एकच, तो मिक्सरचा. मिक्सर काढून फोन लावला की कूट राहायचा, फोन काढून मिक्सर लावला की इतिहास.

समोर जॉबरमामा राहतात. पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यांत चाळीस वर्षं जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारा माणूस. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे आता त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही. अशा माणसाला आवाजाची तक्रार काय सांगायची, म्हणून मी सांगितली नव्हती. पण पाणी आलेल्या दिवशी (आमच्याकडे नळाला पाणी येणं हा सण असतो, सगळी गल्ली बाहेर असते) मी बादल्यांच्या रांगेत फोनशी झटापट करताना त्यांनी पाहिलं.

"काय झालंय ओ ताई?"

मी कानाशी जाऊन ओरडून सांगितलं. त्यांनी हात हलवला. "आवाजाचं मला नका सांगू. कधी थांबालंय ते सांगा."

"केव्हाही थांबतोय."

"केव्हाही काय थांबत नसतंय. बाण्याचा, म्हणजे आडवा धागा तुटला की माग आपला आपण थांबतंय, तसं काटाच बसवलेला असतंय त्याला. बिघाड न्हवं ते, सोय हाय. आधी बघायचं, तुटून थांबलंय का उगाच थांबलंय."

मग बादल्या भरेपर्यंत मामांनी माझी उलटतपासणी घेतली. पडदा चालू असताना थांबतो का? नाही. तारेला लावल्यावर? नाही. नेटवरून ऐकताना थांबतो, आणि आधी उतरवून घेतलेलं लावलं तर? तेही थांबतं. "मग धागा चांगला हाय," मामा म्हणाले. "धागा असून थांबलालंय. कुणीतरी वीज वाचवालंय."

मी रस्त्यावर उभीच राहिले. बॅटरी! अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून 'डोझ' नावाची एक सोय आहे. फोन चार्जरला नसेल, पडदा बंद असेल आणि तो हलत नसेल, तर मागे चाललेल्या अ‍ॅपांना गुंगी द्यायची. त्यावर कित्येक फोन बनवणारे आपापली वेगळी काटकसर चढवतात, आणि ती फार कडक असली की पडद्याआड वाजणारं अ‍ॅपही झोपवलं जातं. अपडेटनंतर या काटकसरीची कळ माझ्या पॉडकास्टवर पडली होती. सेटिंग, अ‍ॅप्स, मग ते अ‍ॅप, मग बॅटरी. तिथे 'ऑप्टिमाइज्ड'वर ठिपका होता, तो 'अनरिस्ट्रिक्टेड'वर नेला. मामांनी माझ्या हातातून फोन घेतला, पडदा विझवला आणि मागच्या बाजूला तळवा टेकवून उभे राहिले. स्पीकरची थरथर हाताला लागत असणार. बघता बघता पाच मिनिटं गेली. "चाललालंय," ते म्हणाले आणि आपली बादली उचलून निघाले.

त्या संध्याकाळी पस्तीस मिनिटांचा भाग एका दमात झाला. कुठे अडला नाही, कुठे करंगळी लागली नाही. मी भाकऱ्या केल्या, पिठलं केलं, ओटा पुसला. किती छान, असं मनात म्हणतही होते. आई शेंगा फोडत होत्या. दोनदा त्यांनी मान वर केली, ओठ हलले, पण तोवर सांगणारा पुढे गेलेला. तिसऱ्यांदा त्यांनी वाट पाहिली. मग सूप उचललं आणि टरफलं टाकायला अंगणात गेल्या, त्या आत आल्याच नाहीत. बाहेर पायरीवर बसून राहिल्या.

जेवताना म्हणाल्या, "नीट झाला वाटतं गं तुझा फोन."

"हो ना. मामांनी केला."

"बरं झालं," आई म्हणाल्या आणि पिठल्यात भाकरी कुस्करली.

रात्री सगळं आवरल्यावर मी फोन घेतला. सेटिंग, अ‍ॅप्स, बॅटरी. ठिपका पुन्हा होता तिथे नेऊन ठेवला. तलावावर जाताना सकाळी उलटा फिरवायचा आणि घरी येताच सरळ करायचा, एवढंच काम वाढलंय. मामा विचारतात अधूनमधून, "चालालंय न्हवं?" मी मान डोलावते.