गव्हाविना सोमवार

सोमवार, रात्री साडेदहा

पहिलं कवच कचऱ्यात गेलं. कवच म्हणजे 'पाय'चं (pie), सारणाखालचं भाजलेलं पीठ. ओव्हनमधून बाहेर आलं तेव्हा दिसायला काही वाईट नव्हतं, मध्ये पिवळसर, कडेला तांबूस. एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि तसाच हातावर काढला. खवट! मक्याचा रवा खवट निघाला होता. उन्हाळ्यात को-ऑपमधून आणलेला, दगडी जात्यावर दळलेला, अंकुर न काढलेला. मक्याच्या दाण्यातलं बहुतेक तेल त्या अंकुरात असतं, म्हणून असा रवा फ्रीजरमध्ये ठेवायचा असतो. हे मला पाठ आहे. तरी सहा महिने कपाटात होता. माझी आई डब्याचं झाकण उघडलं की आधी नाक पुढे करते. मी थेट कप घातला.

लोणी वाया गेलं याचं जास्त वाईट वाटलं. एक अख्खी स्टिक, ११३ ग्रॅम.

हे उद्योग कशासाठी, ते लिहून ठेवते. गुरुवारी थँक्सगिव्हिंग, अमेरिकेतला सण. आमच्या गल्लीत चार-पाच घरं मिळून जेवतो आणि भोपळ्याचा पाय गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. (आईला अजून हे नाव सहन होत नाही. "कसला मेला पाय!") भोपळ्याचं सारण मला जमतं. वेलदोडा आणि जायफळ जरा हात सैल सोडून घालते, लोकांना आवडतं. कवच मात्र दरवर्षी वातड. अकरा वर्षांत एकानेही तोंडावर बोलून दाखवलं नाही. मिनेसोटाची माणसं तशी बोलतच नाहीत. फक्त ताटांत शेवटी कवचाच्या चंद्रकोरी उरतात, आणि त्या मी उचलते.

गेल्या महिन्यात शेजारच्या आजींनी मला एकदाचं सांगितलं. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, त्यामुळे त्यांना आता भीडभाड नाही. माझ्या ओट्याशी उभ्या राहून पाच मिनिटं बघत होत्या, मग म्हणाल्या, "तू ते मळतेस."

मी मळते? मळतेच. हातात पीठ आणि पाणी आलं की हात आपोआप मळायला लागतो. दहाव्या वर्षापासून कणीक मळतेय, चाळीस वर्षं झाली. पोळीची कणीक कशी, मळून मळून मऊसूत व्हायला हवी, बोटाने दाबली तर हळूच वर यायला हवी. गव्हातल्या दोन प्रथिनांना पाणी आणि रगडा मिळाला की त्यांची एक ताणली जाणारी जाळी तयार होते, तेच ग्लुटेन. तिच्याच जिवावर पोळी कागदासारखी लाटता येते. पण पायच्या कवचाला ही जाळी नकोच असते. तिथे हात लावायचा तो चोरासारखा, आणि लगेच काढायचा. करंजीच्या पारीला मोहन घालतो ते याचसाठी, पिठाचा कण न् कण तुपात माखला की पाणी आत शिरत नाही आणि जाळी अर्धवट राहते. पण करंजीसुद्धा आपण नंतर कुटून, मळून घेतोच की. माझ्या हाताला "मळू नको" ही आज्ञा कळतच नाही.

मग आजींनी त्यांच्या आजीचं कार्ड आणून दिलं. पत्त्यांच्या आकाराचं, तेलकट डागांनी पारदर्शक झालेलं, वर हाताने १९१८ असं लिहिलेलं. दीड कप जवाचं पीठ, अर्धा कप मक्याचा रवा, चरबी, मीठ, आणि पाणी "लागेल तेवढं". हे शेवटचं वाचून मला तर माहेरची वही सापडल्यासारखं झालं.

१९१८ ला कारण आहे. अमेरिका १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात उतरली, आणि हर्बर्ट हूवर (पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच) अन्न-प्रशासनाचे प्रमुख होते. गहू युरोपात मित्रराष्ट्रांना पाठवायचा, म्हणून घरोघरी सांगितलं गेलं की सोमवारी आणि बुधवारी गहू खाऊ नका. जानेवारी १९१८ पासून तर एक पौंड मैदा घ्यायचा असेल तर सोबत एक पौंड दुसरं काहीतरी घ्या, मका, जव, ओट, तांदूळ. मला प्रश्न पडला होता की मग मकाच का नाही पाठवला? मका तर इथे उदंड. एक कारण म्हणजे तिकडच्या लोकांना पाव हवा होता आणि नुसत्या मक्याचा पाव फुगत नाही. आणि दुसरं कारण आज माझ्या कचऱ्याच्या डब्यात आहे. मक्याचं पीठ बोटीच्या प्रवासात टिकत नाही, खवट होतं.

म्हणजे आज मी सोमवारी, नेमकं सोमवारीच, गव्हाशिवाय कवच केलं. हे भांडी घासताना लक्षात आलं.

मंगळवार

आईचा फोन. साताऱ्यात सकाळ, माझ्याकडे रात्र.

मक्याचं सांगितलं तर म्हणाली, "कॉर्नफ्लॉवर घातलंस?" नाही गं, कॉर्नफ्लॉवर म्हणजे नुसतं सत्त्व, पांढरंफेक. हा रवा, भरड. आणि त्यात जव. "जव म्हणजे सातू ना? मग तसं सांग की. पण सातूचं पीठ तर आपण गव्हाचं करायचो, फुटाण्याची डाळ घालून." खरंच आहे. आमच्या घरी सातूच्या पिठात सातू औषधालाही नसायचे.

मग मी तिला हूवरचं सोमवारचं सांगितलं. ती जराही चकित झाली नाही. "तुझे आजोबा शास्त्रीजींचा सोमवार करायचे." १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातलं एक जेवण सोडा म्हणून सांगितलं होतं, आणि आजोबा नंतर कितीतरी वर्षं सोमवारी रात्री जेवत नसत. मी लहानपणी समजायचे शंकराचा उपास. आज कळलं, पन्नाशी ओलांडल्यावर.

आणि मग मिलो निघाला. बहात्तरच्या दुष्काळात आई नुकती लग्न होऊन माण तालुक्यात आलेली. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला मिलो म्हणत. "लाल भाकरी. थापताना कड फुटायची, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. तुझी आजी म्हणायची, मिळतंय ते खा, अन्नाला नावं ठेवू नका. आणि स्वतः चुलीपाशी बसून नावं ठेवायची." शाळेतल्या पोरांना सुकडी, मोठ्यांना मिलो. फोनवर थोडा वेळ शांत राहून म्हणाली, "आम्ही खाल्लं ते नाइलाजाने, तिकडून आलेलं. तू तिकडे जाऊन विकत आणून करतेस. कर बाई."

यावर मी काय बोलणार? मी म्हटलं, लोणी घालून करते.

बुधवार, संध्याकाळ. बाहेर पाच वाजताच मिट्ट काळोख, बर्फ भुरभुरतोय

आज ताजा रवा आणला, बारीक. उघडून आधी वास घेतला. गोडसर, कणीस सोलल्यासारखा.

जवाचं पीठ घरात होतंच. ते मूळ आणलं नवऱ्याच्या कोलेस्टेरॉलसाठी. जवात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो, त्याने उतरतं म्हणतात आणि त्याला चांगला आधार आहे. त्याच पिठात आज मी पुन्हा एक स्टिक लोणी चोळलं. नवरा ओट्याशी येऊन बघून गेला, काही बोलला नाही.

लोणी फ्रीजमधून काढून वाटाण्याएवढे तुकडे केले, पिठात टाकले आणि बोटांच्या टोकांनी चोळलं. तळहात लावायचा नाही, तो गरम असतो. जवाचं पीठ करड्या रंगाचं, हाताला मैद्यासारखंच मऊ, पण त्यात मक्याचा रवा मिसळला की समुद्राच्या ओल्या वाळूसारखं लागतं. बर्फाचं पाणी एकेक चमचा. चौथ्या चमच्याला मूठ वळली. आणि मग हात सुटला. माझं लक्ष खिडकीबाहेर होतं, बर्फ लागतंय का बघत होते, आणि हात परातीत गोल गोल फिरून रगडायला लागला होता, मनगटाचा जोर लावून. चांगला अर्धा मिनिट तरी.

मैदा असता तर तिथेच संपलं होतं. पण या पिठाचं काहीही झालं नाही! मक्यात जाळी बनवणारी ती प्रथिनं नाहीतच, जवात त्यांची भावंडं आहेत पण अशक्त. कितीही रगडा, चिवट व्हायला त्यांच्याकडे काही नाही. १९१८ च्या बायकांनी या पिठाला शिव्या घातल्या असतील, लाटता येत नाही, फाटतं, उचलता येत नाही म्हणून. त्यांचा हात हलका होता, मैद्याचं कवच त्यांना जमत होतं. ज्या बाईला मळल्याशिवाय राहवत नाही तिच्यासाठी मात्र हे पीठ म्हणजे वरदान. मी नंतर मुद्दाम आणखी चार वेळा रगडलं. सूड घेतल्यासारखं.

लाटायचा प्रयत्न केला. पोळपाटावर नकाशा झाला, मध्ये भेगा. प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्येही उचलताना मोडलं. तुम्ही म्हणाल भाकरीसारखं थाप की. मला भाकरी येत नाही. साताऱ्याची असून येत नाही, आणि हे आईला जितकं लागतं तितकं माझं अमेरिकेला येणंही लागलं नसेल. शेवटी सगळा चुरा नऊ इंची ताटलीत ओतला आणि आमटीच्या वाटीच्या बुडाने दाबत दाबत पसरवला, आधी तळ, मग कडा. वाटीचा काठ जिथे टेकतो तिथे, तळ आणि भिंतीच्या सांध्यात, थर जाड राहतो. तो बोटाच्या पेराने दाबून घ्यावा लागला. तरी डाव्या बाजूला थोडा राहिलाच.

कडेला मुरड घालायची होती. दरवर्षी मी करंजीसारखी मुरड घालते, तेवढीच एक गोष्ट या पायमध्ये माझी वाखाणली जाते. या पिठाला मुरड बसत नाही, चिमटीत आलं की भुगा. काट्याने रेघा ओढल्या. गौरी जाताना मुरडीचा कानवला करतात, त्यांनी मुरडून परत यावं म्हणून. मला इकडे येताना आईने बेसनाचे लाडू दिले होते.

ताटली तासभर फ्रीजमध्ये. घाई केली तर रवा कोरडाच राहतो आणि दाताखाली कचकच लागतो, त्याला पाणी प्यायला वेळ द्यावा लागतो. मग वर बेकिंगचा कागद, त्यावर राजमा भरून ३७५ फॅरनहाइटला वीस मिनिटं. राजमा काढला तर उजवीकडे एक भेग, करंगळीएवढी. उरलेल्या पिठाने लिंपली. वरून अंड्याचा पांढरा बलक पुसला, नाहीतर भोपळ्याचं पातळ सारण खाली झिरपून बूड ओलं राहतं. पुन्हा सात मिनिटं.

त्या सात मिनिटांत घरभर वास सुटला. सातू भाजल्याचा, खरा सातू. नवरा वरून खाली आला.

पीठ चाळताना ओट्यावर उडालेली धूळ पुसली आणि उगाच गिरणी आठवली. हे शहर म्हणजे मिनिआपोलिस, एके काळची जगाची मैद्याची राजधानी. नदीकाठी वॉशबर्न ए गिरणी होती, २ मे १८७८ ला हवेत तरंगणाऱ्या पिठाच्या धुळीने पेट घेतला आणि अठरा माणसं गेली. पुन्हा बांधली, ती पुढे बंद पडून जळली, आता तिच्या पडक्या भिंतींमध्ये संग्रहालय आहे. भारतातून कुणी आलं की आम्ही दाखवायला नेतो. त्याच शहरात गव्हाशिवाय पाय करते आहे मी.

गुरुवार, रात्र

सगळं आवरून बसले.

समोरच्या घरातल्या मुलीला सीलिॲक आहे, म्हणजे ग्लुटेन न सोसणारा आजार. तिने विचारलं, गहू नाही ना यात? मी घाईघाईने ताटली मागे ओढली. गहू नाही पण जव आहे, आणि जवातलं ग्लुटेन तिला चालत नाही. लोक "गव्हाविना" ऐकून खुशाल खातात. तिला वाटीत नुसतं सारण वेगळं भाजून दिलं होतंच.

कापताना पहिला तुकडा मोडला. दुसरा निम्मा. डावीकडच्या जाड सांध्यापाशी सुरी अडली. पण चव! खुसखुशीत म्हणजे काय ते अकरा वर्षांनी कळलं, दिवाळीतल्या दुसऱ्या दिवशीच्या करंजीसारखं, दात लावला की सांडायला लागणारं. मका रवाळ, जव खरपूस, आणि भोपळा त्यांच्या मध्ये मऊ. यंदा ताटांत चंद्रकोरी उरल्या नाहीत.

आजींनी कडेपासून सुरुवात केली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, त्यांच्या आजीला हे युद्धाचं जेवण कधी वाटलंच नव्हतं. ती नॉर्वेहून आलेली. तिकडे रोजची चपटी भाकर जवाचीच. सरकारने "गव्हाऐवजी जव वापरा" असं सांगितलं तेव्हा ती हसली होती म्हणे. युद्ध संपल्यावरही तिने कार्ड फेकलं नाही. शेतातला गहू विकायला, जव घरात. "आणि ती मळायची," आजी म्हणाल्या. "तुझ्यासारखीच."

दुपारी माझ्या ताटलीकडे बघून कुणीतरी विचारलं, यंदा ती सुंदर मुरड नाही? मी म्हटलं, नाही बसली.

आईला फोटो पाठवला. उत्तर आलं: कड फुटली आहे.

तीन तुकडे उरले होते, आता दोन आहेत. तळाशी जमलेला भुगा नवऱ्याने वाटीत काढून दूध घालून खाल्ला, सातूच्या पिठासारखा. त्याची रक्ततपासणी मंगळवारी आहे.