देवबागच्या बोटीचा टॅकोमीटर

मालवण, तारकर्ली आणि देवबागच्या किनाऱ्यावर पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटींची आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेली, इंजिने दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय आहे. पावसाळ्यात जलपर्यटन बंद असते आणि सप्टेंबरमध्ये ते सुरू झाले की शेडमध्ये पडून राहिलेल्या इंजिनांच्या तक्रारी एकदमच येऊ लागतात. अशाच एका हंगामाच्या आरंभी देवबागच्या एका बोटमालकांनी मला बोलावले. त्यांच्या फोर-स्ट्रोक इंजिनाच्या टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणाऱ्या मीटरचा, काटा वेग वाढवताच थरथरत असे आणि मध्येच शून्यावर येत असे. "मीटर नवीन घातलंय, तरी काटो तसोच नाचता," असे ते म्हणाले. शिवाय नव्या मीटरवर इंजिन संथ चालतानाही 1100 च्या वर फेरे दिसत होते, ते कमी करून द्यावेत, अशी त्यांची मागणी होती.

मला ही दुसरी मागणी अधिक चिंतेची वाटली. त्या इंजिनाचा संथ वेग मिनिटाला 750 फेऱ्यांच्या आसपास असायला हवा होता आणि कानाला तो तेवढाच वाटत होता. स्पार्क प्लगच्या वायरीवरून फेरे मोजणारे माझे वेगळे उपकरण लावून पाहिले, तेव्हा त्यानेही तेच दाखवले. मीटर खरे मानून संथ वेग कमी करायला त्याचा स्क्रू फिरवला असता, तर जेटीला लागताना गिअर टाकताच इंजिन बंद पडले असते, आणि कर्ली नदीच्या मुखाशी ओहोटीची जी ओढ असते तिच्यात माणसांनी भरलेली बोट इंजिनाविना सापडणे किती धोक्याचे आहे, हे तिथल्या प्रत्येक तांडेलाला ठाऊक आहे.

अशा इंजिनावरचा टॅकोमीटर फेरे थेट मोजत नाही. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या फ्लायव्हीलमधील चुंबके स्टेटर या स्थिर भागाच्या कॉइलभोवती फिरतात, त्यातून बॅटरी चार्ज करणारी वीज तयार होते आणि त्याच विजेचे ठोके मीटर मोजतो. या इंजिनाच्या स्टेटरला 12 पोल (कॉइल गुंडाळलेले दात) होते, म्हणजे एका फेऱ्याला 6 ठोके. मीटरच्या पाठीमागे इंजिनाप्रमाणे जुळवायची एक लहान चकती असते. ती नव्या मीटरवर 4 ठोक्यांवर ठेवलेली होती, त्यामुळे प्रत्येक आकडा दीडपट दिसत होता. चकती 6 वर आणताच संथ वेगाचा आकडा जागेवर आला, परंतु काटा वेग वाढवल्यावर पडतच राहिला.

ज्या विजेवर मीटर चालतो तीच बॅटरीलाही जात असल्याने मी मल्टिमीटर बॅटरीवर लावला. इंजिन बंद असताना 12.4 व्होल्ट होते आणि वेग वाढवूनही ते तेवढेच राहिले. चार्जिंग नीट असते, तर 14 च्या आसपास पोहोचायला हवे होते. मालकांनी तेव्हा सांगितले की हल्ली संध्याकाळी इंजिन सुरू करताना स्टार्टर जड जातो. ही तक्रार त्यांनी बॅटरीच्या वयावर टाकली होती आणि काट्याशी तिचा संबंध कुणी जोडलाच नव्हता.

मग स्टेटरच्या दोन पिवळ्या वायरी सोडवून त्यांच्यातील एसी व्होल्टेज मोजले. ते वेगाबरोबर सरळ चढत गेले आणि इंजिनाच्या बॉडीशी कुठे शॉर्टही आढळला नाही, म्हणजे स्टेटर निर्दोष होता. मात्र स्टेटरची एसी वीज बॅटरीसाठी डीसी करणाऱ्या रेक्टिफायरची चाचणी घेतली, तेव्हा त्यातील एका डायोडमधून, ज्यातून करंट एकाच दिशेने जायला हवा, तो दोन्ही दिशांनी जात होता. दोष मीटरच्या कितीतरी आधी, इंजिनाच्या झाकणाखाली होता, आणि कितीही मीटर बदलले तरी तो तिथेच राहिला असता.

रेक्टिफायर बदलण्यापूर्वी मी बॅटरीची पेटी उघडली, कारण तो का जळला हे कळल्याशिवाय नवा बसवणे मला योग्य वाटत नाही. टर्मिनलवर हिरवा थर चढलेला होता आणि हाताने फिरवायचा नट लाटांच्या आपट्यांनी सैल झालेला होता. चालत्या इंजिनाचा बॅटरीशी संपर्क क्षणभर जरी तुटला, तरी व्होल्टेज एकदम उसळून डायोड जाऊ शकतात. इथे तेच घडले असावे असे माझे मत आहे. टर्मिनल घासून साफ केले, पान्याने आवळायचे लॉकनट घातले आणि वर ग्रीस लावले. नवा रेक्टिफायर बसवल्यावर बॅटरीवर 14.1 व्होल्ट दिसले आणि काटा सर्व वेगांवर स्थिर राहिला.

त्यानंतर आम्ही बोट बाहेर काढली, कारण टॅकोमीटरचा खरा उपयोग पूर्ण वेगातच होतो. त्या इंजिनासाठी कंपनीने पूर्ण थ्रॉटलवर 5000 ते 6000 फेरे सांगितलेले आहेत. आम्ही दोघेच असताना 5300 मिळाले, परंतु शेजारची माणसे बसवून नेहमीइतका भार केला, तेव्हा काटा 4700 वर थांबला. इतके दिवस हे इंजिन भरल्या बोटीत दबून चालत होते आणि ते सांगणारा आकडाच भरवशाचा नव्हता. पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो पाण्यात जितका पुढे सरकायला हवा ते अंतर, एक इंचाने कमी केला की साधारण 150 ते 200 फेरे वाढतात, म्हणून दोन इंच कमी पिचचा पंखा लावण्याचे आम्ही ठरवले. तो बसवल्यावर तेवढ्याच भाराने काटा 5050 वर गेला, आणि मालकांनी तो आकडा तिथेच आपल्या वहीत लिहून घेतला.