तुम्ही विचारलेत म्हणून : पॉलिपलाही वंश असतो का?

शस्त्रक्रियेत नाकातून काढलेले पॉलिप, म्हणजे नाकाच्या अस्तरातून वाढलेले मऊ गोळे, तपासणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे, वंशाप्रमाणे पॉलिपही बदलतो हे खरे का, असे मला अनेकदा विचारले जाते. विशेषतः 'नाकात मांस वाढले आहे' असे ऐकून इंटरनेटवर वाचत बसलेल्या मंडळींकडून.

नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नाही. फॉर्मालिनच्या बाटलीतून येतो तो सोललेल्या द्राक्षासारखा फिकट, बुळबुळीत गोळा. स्लाइड रंगवली की मात्र इओसिनोफिल पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) त्यांच्या दोन पाकळ्यांच्या केंद्रकामुळे आणि तांबूस-नारिंगी दाण्यांमुळे चटकन ओळखू येतात. युरोप-अमेरिकेतील गोऱ्या रुग्णांच्या बहुतेक पॉलिपांमध्ये, सुजून पाणथळ झालेल्या ऊतीत, त्यांचीच गर्दी असते. चीन आणि कोरियातील पॉलिपांमध्ये ती तुलनेने कमी आढळली आणि न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा वाटा अधिक निघाला. हा फरक उपचारापर्यंत पोहोचतो, कारण इओसिनोफिलांनी भरलेला पॉलिप स्टेरॉइडने सहसा चांगला आक्रसतो, पण काढल्यावर पुन्हा उगवण्याची खोडही त्यालाच अधिक.

मग हे सारे रक्तातच असते का? अमेरिकेत वाढलेल्या दुसऱ्या पिढीच्या आशियाई रुग्णांमध्येही इओसिनोफिल कमी आढळल्याचे 2015 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा आनुवंशिकतेचे पारडे जड वाटले. परंतु थायलंड आणि कोरियात जुन्या साठवलेल्या ऊती नव्यांशी ताडून पाहिल्या, तेव्हा दोन दशकांच्या आतच इओसिनोफिलयुक्त पॉलिपांचे प्रमाण वाढलेले दिसले. एवढ्या अवधीत कोणाची जनुके बदलत नाहीत. हवा, राहणी, नाकातील जंतू बदलू शकतात. मला हा दुसरा पुरावा अधिक बोलका वाटतो. शिवाय या अभ्यासांतील 'आशियाई' म्हणजे बहुधा पूर्व आणि आग्नेय आशियातील माणूस, हे सोलापूरच्या रुग्णाने तो शब्द स्वतःला लावून घेण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

मोजण्याची पट्टीही एक नाही. पॉलिपला 'इओसिनोफिलयुक्त' म्हणायला सूक्ष्मदर्शकाखाली चारशेपट मोठ्या दिसणाऱ्या एका क्षेत्रात दहा इओसिनोफिल युरोपीय मार्गदर्शिकेला पुरतात; जपानी निकष सत्तर मागतो. म्हणजे चाळीस पेशींची एकच स्लाइड ब्रुसेल्समध्ये एका गटात आणि टोकियोत दुसऱ्या गटात जाईल. म्हणून अहवालात मी गटाच्या नावाबरोबर मोजलेला आकडाही लिहिते.