गॅदरिंगनंतर परत आलेली नऊवारी

लहान मुलींच्या शिवलेल्या नऊवाऱ्या हा आमचा धंदा. कापड इरकलचं, सोलापुरातल्याच पॉवरलूमवर विणलेलं. शिवण पूर्व भागातल्या बायका घरी करतात आणि विक्री बहुतेक इन्स्टाग्राम-व्हॉट्सॲपवर होते. सोलापूर म्हटलं की बाहेरचे लोक अजून चादरच विचारतात. एका बाईंनी तर नऊवारीवर चादर फ्री आहे का, असंही विचारलं होतं. असो. वर्षाचा निम्मा माल डिसेंबर-जानेवारीत जातो. शाळांची गॅदरिंग, पाठोपाठ संक्रांत आणि आमच्याकडे सिद्धेश्वरांचा गड्डा, म्हणजे जत्रा. माल परत घ्या म्हणणारेही याच दिवसांत जास्त, आणि त्यातले बरेच गॅदरिंग झाल्यावरचे.

मागच्या हंगामातली एक मागणी सविस्तर सांगते, कारण तिच्यात थोडंथोडं सगळंच होतं. पुण्याच्या बाई, मुलगी पहिलीत. पार्सल मंगळवारी पोचलं, ट्रॅकिंगवर तशी नोंद आहे. पुढे रविवारपर्यंत काहीच नाही. सोमवारी सकाळी मेसेज आला: "साइज लहान आहे. शिलाई पण उसवली आहे. पूर्ण पैसे परत हवेत, आजच. कुरिअर करायला मला वेळ नाही." सोबत एक हललेला फोटो. थोड्या वेळाने एक मोबाइल नंबर, पैसे या नंबरवर टाका म्हणून. ऑर्डरचे 1,450 रुपये ज्या खात्यातून आले होते, ते खातं वेगळंच होतं.

मी आधी जुनं चॅट वर सरकवलं. ऑर्डर देताना त्यांनीच लिहिलं होतं, "शनिवारी गॅदरिंग आहे, त्याआधी मिळेल ना?" शनिवार गेला, सोमवारी मेसेज. काय झालं असावं हे कळायला फार डोकं लागत नाही. आमचे हे म्हणाले, "तिचं स्टेटस बघ, पोरीचा नाचतानाचा फोटो असणार. स्क्रीनशॉट काढ आणि दे पाठवून." मी बघितलं नाही. एक तर कुणाच्या लहान मुलीचा फोटो भांडणात वापरायचा नाही, हे मी ठरवून टाकलंय. दुसरं म्हणजे त्या फोटोने सिद्ध काय झालं असतं? नऊवारी घातली, एवढंच. घातलेल्या कपड्याचीसुद्धा शिलाई आमच्या चुकीने उसवू शकते. आणि "तुम्ही घालून परत करताय" हे वाक्य एकदा लिहिलं की समोरचा माणूस कपड्याबद्दल बोलणं सोडतो आणि स्वतःच्या इज्जतीबद्दल बोलायला लागतो. मग तो विषय मिटत नाही.

मी एवढंच लिहिलं: "ताई, शिलाईत दोष असेल तर पूर्ण पैसे आणि दोन्ही बाजूंचा कुरिअर खर्च आमचा. त्यासाठी उजेडात काढलेले फोटो पाठवा: उसवलेली जागा जवळून, शेजारी टेप ठेवून, आतली बाजू, आणि टॅग. कपडा आमच्याकडे आल्याशिवाय पैसे परत करता येत नाहीत. परत करायचे झाले तर ज्या खात्यातून आले त्याच खात्यात जातील." खात्याबद्दलचा नियम मी कुणासाठीच मोडत नाही. तिसऱ्याच नंबरवर पैसे टाकले आणि उद्या खरा पैसे देणारा उभा राहिला, तर आपण दोनदा भरणार. एकदा एकाने मला क्यूआर कोड पाठवून "रिफंडसाठी स्कॅन करा, पिन टाका" असंही सांगितलं होतं. तो माल परत करायला नाही, माझं खातं रिकामं करायला आला होता.

संध्याकाळी फोटो आले, आणि या वेळी चांगले आले. ते घेऊन मी अक्कांकडे गेले. अक्का आमच्या सगळ्यात जुन्या शिवणाऱ्या. त्या घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी सोलापुरी मराठी. चष्मा कपाळावरून खाली घेतला, फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाल्या, "उसवलं नाही ओ हे. सरकलंय."

या दोन्हींतला फरक कपडे विकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. शिलाई उसवते तेव्हा दोरा तुटलेला किंवा सुटलेला दिसतो, टाक्यांची भोकं रिकामी राहतात आणि कापडाची कड जशीच्या तशी असते. तो दोष आमचा: बॉबिन सैल, टाका लांब, किंवा शेवटी पक्कं केलेलं नाही. सुतं सरकतात तेव्हा टाके जागच्या जागी शाबूत असतात, पण टाक्याशेजारचं कापड विरळ होतं, जाळीसारखं. इरकलच्या या जातीत आर्ट सिल्कचं सूत येतं, ते गुळगुळीत असतं, त्यामुळे शिवणीवर ताण आला की ते बाजूला घसरतं. आणि काष्ट्याच्या शिवणीवर असा ताण आरशासमोर उभं राहून घालून बघण्याने येत नाही. "पोरगी मांडी घालून बसली असणार की," अक्का म्हणाल्या. "नाहीतर फुगडी घातली असेल. मापापेक्षा लहान नेसवलं की असंच होतंय."

राहिला साइजचा मुद्दा. आमच्या पानावर कंबर आणि उंची इंचांत दिलेली असते. बाईंनी मात्र "मुलगी सहा वर्षांची, सहाचा द्या" एवढंच लिहिलं होतं. मी कंबर आणि उंची विचारली होती, त्यावर उत्तर होतं, "नॉर्मल आहे." हे सगळं चॅटमध्ये होतं. मी ते त्यांना परत पाठवलं, पण सोबत टोमणा न मारता: "ताई, तुमच्या मुलीची कंबर आता मोजून सांगाल का? आपल्याकडे माया आहे, सोडून देता येईल." शिवणीत आम्ही दोन्हीकडे माया, म्हणजे आत राखलेलं जास्तीचं कापड, ठेवतोच. लहान मुलींचा कपडा आहे, पुढच्या वर्षी वाढवावाच लागतो.

यावर त्या भडकल्या. "मी ग्राहक मंचात जाईन, इन्स्टावर सगळ्यांना सांगेन." अशा वेळी घाबरून पैसे परत करणारे विक्रेते मला माहीत आहेत, आणि ग्राहकालाच ब्लॉक करणारेही. मला दोन्ही पटत नाही. कायदा आपल्यालाही लागू आहे, हे आधी मान्य करायचं. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आणि 2020 चे ई-कॉमर्सचे नियम फक्त मोठ्या कंपन्यांसाठी नाहीत. घरून पण नेहमीचा धंदा म्हणून ऑनलाइन विकणारी आपणही त्यात येतो. माल सदोष असेल, किंवा जाहिरातीत दाखवला तसा नसेल, तर परत घ्यायला नकार देता येत नाही. पानावर कितीही ठळक अक्षरांत "नो रिटर्न" लिहिलं तरी तो हक्क जात नाही. पण माप लिहून दिलेलं असताना चुकीचं माप मागवलं, किंवा कपडा वापरून झाला, याला दोष म्हणत नाहीत. मी त्यांना राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबरच पाठवला आणि लिहिलं, "तिथे जरूर विचारा. तोवर कपडा पाठवलात तर आमच्याकडून उशीर व्हायला नको." हे चिडून लिहिलं नव्हतं. खरंच विचारलं असतं तर माझंच काम सोपं झालं असतं.

दोन दिवस शांतता, मग कुरिअरची पावती आली.

परत आलेलं पार्सल मी कधीच नुसतं उघडत नाही. जुना मोबाइल स्टँडवर लावायचा, आधी लेबल आणि सगळ्या बाजू दाखवायच्या, मग चिकटपट्टी कापायची, कपडा बाहेर काढून उलटा-सुलटा दाखवायचा, आणि व्हिडिओ मध्ये थांबवायचा नाही. हे मी फलटण गल्लीतल्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून शिकले. ते एका मोठ्या ॲपवर साड्या विकतात, आणि तिथे परतीची मागणी मंजूर करणं-न करणं बऱ्याचदा त्यांच्या हातात नसतं. माल आधी परत निघतो, भांडण नंतर. एकदा त्यांच्याकडे साडीच्या जागी जुना टॉवेल परत आला. सोलापुरात टॉवेल! हसावं की रडावं. उघडतानाचा सलग व्हिडिओ होता म्हणून त्यांना क्लेममध्ये काही बोलता तरी आलं.

आमच्या पार्सलात नऊवारीच होती. टॅग होता, पण प्लास्टिकच्या पिनेऐवजी पांढऱ्या दोऱ्याने बांधलेला. गळ्याच्या आतल्या बाजूला फाउंडेशनचा पट्टा, खांद्यावर सेफ्टी पिनेची भोकं, आणि बाहीच्या आत एक लाल टिकली चिकटलेली. वास सांगायला नको. शिवणीचे टाके सगळे जागेवर, सुतं मात्र दोन्ही बाजूंना सरकलेली. अक्कांनी बोट फिरवून दाखवलं आणि "बघा" एवढंच म्हणाल्या.

आता निर्णय. पैसे परत करायचे नाहीत, हे नक्की होतं. तो कपडा मी दुसऱ्या कुणाच्या मुलीला नवा म्हणून विकू शकत नव्हते. पण नुसता नकार देऊन तो बाईंच्या अंगावर परत फेकणंही मला योग्य वाटेना. मी व्हिडिओ पाठवला, टिकलीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, आणि कळवलं: "टाके शाबूत आहेत, कापड ताणाने सरकलंय, त्यामुळे हा शिलाईचा दोष धरता येत नाही. आम्ही माया सोडून कंबर वाढवून देतो, सरकलेल्या जागी आतून अस्तराची पट्टी लावून दाब शिलाई मारतो. त्याचे पैसे नाहीत. इकडे पाठवण्याचा खर्च तुमचा, परत पाठवण्याचा आमचा." टिकली व्हिडिओत दिसतच होती. दिसणाऱ्या गोष्टीबद्दल लिहायचं कशाला?

त्यांनी पाठवण्याच्या खर्चावर थोडी घासाघीस केली, निम्मे पैसे तरी द्या म्हणाल्या. मी नाही म्हटलं. शेवटी "ठीक आहे, पण लवकर पाठवा" आलं. अक्कांनी कुरकुरत पट्टी लावली. त्यांचं मत होतं की फुकट करून दिलं की लोक शेफारतात. असेलही. माझा हिशेब वेगळा होता: दुरुस्तीची मजुरी आणि एक कुरिअर, याच्या बदल्यात 1,450 रुपये वाचले आणि इन्स्टावर भांडण झालं नाही. पार्सल पोचल्यावर निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही.

त्यानंतर वय विचारून ऑर्डर घेणं बंद केलं. कंबर आणि उंचीचे आकडे आल्याशिवाय पैसे घेत नाही, मग ग्राहक गेला तरी चालेल. टॅग आता मागे मानेपाशी नसतो. पुढे, पदराच्या निऱ्यांवर असतो, तो काढल्याशिवाय मुलीला स्टेजवर उभं करताच येत नाही. आणि गॅदरिंगच्या नऊवारीला साइज बदलून हवी असेल तर कार्यक्रमाच्या आधीच्या दिवसापर्यंत कळवायचं, हे ऑर्डरच्या वेळीच लिहून घेते.

एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. त्या बाईंना नऊवारी एका दिवसासाठीच हवी होती, आणि अशा आया खूप आहेत. म्हणून या हंगामापासून सोलापुरातल्या शाळांसाठी भाड्याने द्यायला सुरुवात केलीय. डिपॉझिट घेते, धुण्याचे पैसे भाड्यातच धरलेत, टिकली-पावडर काही असू दे, विचारत नाही. बाहेरगावी देत नाही, कारण जाऊन-येऊन कुरिअरच भाड्याएवढं होतं.