तुम्ही विचारलंत म्हणून: दिवसाला किती अजब ठिकाणं बघून होतात?

व्हॅनमध्येच राहून अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातली रस्त्याकडेची अजब ठिकाणं बघायला निघणारी जोडपी आम्हा दोघांना हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तर आहे दोन. तिसरं ठरवलंत तर ते बहुतेक काचेतूनच दिसेल.

ठिकाणं छोटी आणि अंतरं अवाढव्य, ही खरी गोम. टेक्ससमध्ये ॲमरिलोजवळ 1974 साली दहा कॅडिलॅक गाड्या नाकावर उभ्या पुरल्या, तो कॅडिलॅक रँच, आणि ओक्लाहोमातल्या कटूसाचा निळा देवमासा, म्हणजे देवमाशाचा भलामोठा पुतळा. दोन्ही रूट 66 या जुन्या महामार्गावर, म्हणून नकाशावर शेजारी वाटतात. मधलं अंतर सुमारे 600 किलोमीटर. प्रत्येक ठिकाणी वेळ लागतो अर्धा-पाऊण तास. बाकी दिवस गाडी चालवण्यात आणि टाक्या भरण्या-रिकाम्या करण्यात जातो, आणि त्यातलं दुसरं काम कुणी आधी धरतच नाही. आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात, तसं इथे आधी टाकी, मग देवमासा.

पाण्याचा हिशेब असा. पिण्याची-स्वयंपाकाची 8 लिटर, भांडी आणि हात धुण्याची 7, दोघांच्या काटकसरीच्या आंघोळीची 10, म्हणजे रोज 25 लिटर. 20 गॅलनची टाकी म्हणजे 76 लिटर, ती तिसऱ्या दिवशी संपते. टॉयलेटची साधारण 20 लिटरची कॅसेटही (खालची, काढून रिकामी करायची घाणीची टाकी) दोघांत दोन-तीन दिवसांत भरते. म्हणून बेत आखताना दर तिसऱ्या दिवशी आधी डम्प स्टेशनवर (घाण रिकामी करायची आणि पाणी भरायची जागा) खूण करायची आणि अजब ठिकाणं तिच्या आजूबाजूला बसवायची.

डम्प स्टेशनवर नवखे दोन ठिकाणी हमखास चुकतात. घाण टाकायच्या भोकाजवळचा नळ फक्त धुण्यासाठी असतो. पिण्याचा नळ वेगळा आणि थोडा लांब असतो, त्यावरची पाटी वाचा. पिण्याच्या पाण्याचा पाइपही वेगळा ठेवा, दुसऱ्या पाइपांबरोबर एका पेटीत कोंबू नका. दुसरी चूक कॅसेट ओतताना होते. हवेचं बटण तोटी पूर्ण खाली वळल्यावरच दाबायचं. आधी दाबलंत तर ते तिथूनच सांडतं, अजिबात दाबलं नाहीत तर कॅसेट गचके देते आणि शिंतोडे बुटांवर येतात. झडपेचं रबर कोरडं पडलं की वास यायला लागतो. त्याला सिलिकॉनचं वंगण लावा. खाद्यतेल किंवा व्हॅसलिन नको, त्याने रबर खराब होतं.

विजेची काळजी लोक गरजेपेक्षा जास्त करतात. फ्रीज, दिवे, पंखा, फोन मिळून दिवसाला 600 ते 700 वॉट-तास लागतात. 100 अँपियर-तासांच्या लिथियम-आयर्न बॅटरीत साधारण 1,280 असतात. चालत्या गाडीतून 30 अँपियरने भरणारा डीसी-डीसी चार्जर असेल तर दोन तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये दिवसाचा खर्च भरून निघतो, आणि या प्रवासात ड्रायव्हिंग तर होतंच. या चार्जरचा खर्च वाचवायला म्हणून बॅटरी सरळ आल्टरनेटरला (इंजिनावर चालणारं, वीज बनवणारं यंत्र) जोडू नका. लिथियम बॅटरी हवा तेवढा प्रवाह ओढते आणि आल्टरनेटर तापून जळू शकतो. शिवाय शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करू नये. नेब्रास्कात मार्चमध्ये रात्री पारा सहज तेवढा उतरतो, म्हणून ती गाडीच्या आत ठेवा.

मुक्कामाचं गणित राज्यागणिक बदलतं. पश्चिमेकडे केंद्र सरकारच्या मोकळ्या जमिनीवर बऱ्याच ठिकाणी 14 दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. कॅन्सस, नेब्रास्का, ओक्लाहोमा, टेक्सस इथे जवळजवळ सगळी जमीन खाजगी. पण लहान गावांच्या नगर-उद्यानात पुष्कळदा व्हॅनला जागा, वीज आणि पाणी मिळतं. दर पाटीवर लिहिलेला असतो, पैसे पाकिटात घालून पेटीत टाकायचे. सुटे डॉलर जवळ ठेवा, पेटी मोड देत नाही. प्लग लावण्याआधी खांबावरचं सॉकेट तपासणारं सर्ज प्रोटेक्टर लावा. काही खांबांची वायरिंग उलटी असते.

आता गाड्यांकडे. कॅडिलॅक रँचवर गाड्यांवर रंग फवारायची मुभा आहे, म्हणून लोक आदल्या दिवशीच डबे घेऊन व्हॅनमध्ये ठेवतात. उन्हात बंद गाडी 50 अंशांच्या वर जाते आणि त्या डब्यांवर नेमकी तीच मर्यादा छापलेली असते. त्याच दिवशी सकाळी विकत घ्या आणि रिकामे डबे उचलून न्या. सकाळी जायचं दुसरं कारण म्हणजे वारा, तो दुपारी वाढतो. तो पाठीवर घेऊन फवारा, नाहीतर निम्मा रंग तोंडावर. ओला थर कायम कुठेतरी असतोच, तेव्हा गाडीला टेकून फोटो काढू नका. पाऊस झाला असेल तर चिखल घोट्यापर्यंत येतो. बुटांसाठी दाराशी एक प्लास्टिकचं घमेलं ठेवा.

नेब्रास्कात अलायन्सजवळचं कारहेंज, म्हणजे इंग्लंडमधल्या उभ्या दगडांच्या स्टोनहेंजची 1987 साली 39 जुन्या गाड्यांनी केलेली नक्कल, त्यामानाने बिनकटकटीचं आहे. आमच्या मते या पट्ट्यातलं सर्वांत छान तेच.

राहता राहिला सुतळीचा गोळा. त्यातले दोन नावाजलेले, आणि दोघांचाही दावा जगात सर्वांत मोठा असल्याचा, डार्विनचा मात्र एकट्याने गुंडाळलेल्यांत. मिनेसोटातल्या डार्विनचा गोळा फ्रान्सिस जॉन्सन यांनी 1950 पासून एकट्याने गुंडाळला, त्याचं वजन 17,400 पौंड. कॅन्ससमधल्या कॉकर सिटीचा फ्रँक स्टोबर यांनी 1953 मध्ये सुरू केला, आणि तिथे येणारे-जाणारे अजूनही त्यावर सुतळी चढवतात. हात लावायचा असेल तर कॉकर सिटी. दोन्ही बघून निकाल लावायचा हट्ट असेल तर मध्ये दोन दिवस धरा, आणि एक कॅसेट.